सप्रेम भेट

प्रस्तुत व्यक्तिचित्रात ‘ब्रदरजी’ ही संज्ञा कोणा एका गृहस्थासाठी नव्हे, तर ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे एका उपासनास्थानाशी बांधल्या गेलेल्या श्रद्धावंतांच्या समुदायात, हमखास आढळणाऱ्या एका सामाजिक प्रकारासाठी योजली आहे. हा प्रकार सर्वत्र आढळतो, आणि नावे व पोशाख बदलून इतर धर्मांतही तितक्याच जोमाने वाढतो. तथापि त्याच्या निरीक्षणासाठी भिलाईतील कुरुद हे क्षेत्र विशेष सोयीचे आहे. (छत्तीसगडातच धमतरी जिल्ह्यात याच नावाचे दुसरे एक गाव असून तेथील ब्रदरजींचा अभ्यास स्वतंत्रपणे व्हावयास हवा.)

कुरुदच्या सोयीचे कारण भिलाईच्या घडणीत आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशा, बिहार, विदर्भ अशा चहूकडून माणसे येथे येऊन राहिली. ज्यांना कारखान्याच्या नगरीत क्वार्टर मिळाली ते सेक्टरांत राहिले. ज्यांना मिळाली नाही, किंवा जे निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून स्वतःचे घर बांधू लागले, ते कोहका-कुरुदसारख्या भागांत सरकले. मूळ गावात माणसाची लायकी त्याच्या आजोबांपासून सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे ती सांगत बसावी लागत नाही. परंतु ज्या गल्लीत उजवीकडचे घर कोट्टयमचे, डावीकडचे बरहमपूरचे आणि समोरचे राजनांदगावचे असते, तेथे आपण कोण आहोत हे प्रत्येकाला दारावरच्या पाटीपासून सांगायला सुरुवात करावी लागते. ब्रदरजींचा उगम या गरजेत आहे. ते मुळात दुष्ट नसतात. केवळ पाटी रंगवता रंगवता घर बांधायचे राहून गेलेले असे ते गृहस्थ असतात.

ब्रदरजींची बाह्य लक्षणे दुरूनही ओळखता येतात. काखेत चेनच्या कव्हरातले जाडजूड पवित्र शास्त्र असते आणि त्यातील वचने चार रंगांच्या पेनांनी अधोरेखित केलेली असतात: पिवळ्या रंगात देवाची अभिवचने, म्हणजे देव भक्तांना काय देणार याविषयीचे शब्द, हिरव्यात आशीर्वाद, निळ्यात शत्रूंचा नाश, आणि गुलाबी रंगात शेजाऱ्यांनी ऐकलीच पाहिजेत अशी वचने. आमोस या संदेष्ट्याची, म्हणजे गरिबाला नाडून देवापुढे सणवार साजरे करणाऱ्यांवर कोरडे ओढणाऱ्या त्या गुराख्याची पाने, तसेच कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असे बजावणाऱ्या याकोबाच्या पत्राची पाने मात्र दुकानातून आणली तेव्हाइतकीच कोरी राहिलेली दिसतात. स्कूटरच्या पुढल्या बाजूला वचनाचे स्टिकर, दारावर वचनाची पाटी, दिवाणखान्यात वचनाचे घड्याळ आणि मोबाइलवर गीताची रिंगटोन अशी एकूण व्यवस्था असते. ही रिंगटोन सामुदायिक शांत प्रार्थनेच्या वेळी वाजते आणि ती बंद करण्याची ब्रदरजींना घाई नसते, कारण तेही एक प्रकारे सुवार्ताकार्यच असते.

अभिवादनाचेही एक शास्त्र आहे. नगर-नाशिककडच्या जुन्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत भेटल्यावर ‘सलाम’ म्हणण्याची साधी रीत होती. छत्तीसगडात ‘जय मसीह की’ म्हणतात. ब्रदरजी ‘प्रेज द लॉर्ड’ म्हणतात, आणि त्याची पट्टी समोरच्या माणसाच्या अंतरावरून नव्हे तर आजूबाजूला जमलेल्यांच्या संख्येवरून ठरते. भिलाईतल्याच सुपेल्याच्या बाजारात रविवारी भाजी घेताना त्यांचे अभिवादन चार गाळे ओलांडून जाते. तोच परिचित गृहस्थ सोमवारी एकटा, पंक्चर झालेली सायकल ढकलत समोरून आला, तर ब्रदरजी इतक्या खोल चिंतनात असतात की त्यांना तो दिसत नाही.

ब्रदरजींचे खरे कर्तृत्व प्रकट होते ते साक्षीत. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले याचे मंडळीसमोर उभे राहून केलेले निवेदन. ही प्रथा मूळची सुंदर आहे, कारण तीत सामान्य माणसाला आपल्या दुःखाला शब्द देण्याची आणि उपकार कबूल करण्याची संधी मिळते. परंतु ब्रदरजींच्या साक्षीला वाढीचा रोग असतो. पहिल्या वर्षी त्यांना शंभर ताप आलेला असतो व प्रार्थनेने तो उतरतो. दुसऱ्या वर्षी तो एकशे तीन होतो. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. आणि चौथ्या वर्षी नातेवाइकांना तारा गेलेल्या असतात, मग देशातील तारसेवा २०१३ मध्येच बंद झालेली का असेना. तापाच्या या चढत्या आलेखापेक्षा अधिक लक्षणीय गोष्ट अशी की साक्ष जसजशी वाढते तसतशी माणसे तीतून गळत जातात. पहिल्या निवेदनात रात्री ऑटो काढणारा शेजारी असतो, औषधाचे पैसे नंतर द्या म्हणणारा दुकानदार असतो, आणि उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवणारी गल्लीतली मावशी असते. दुसऱ्या निवेदनात ऑटोवाला जातो, तिसऱ्यात दुकानदार, चौथ्यात मावशी. अखेरीस व्यासपीठावर फक्त देव आणि ब्रदरजी उरतात, आणि ऐकणाऱ्याला दोघांतले मुख्य पात्र कोणते याचा क्षणभर संभ्रम पडतो. बायकांच्या बाजूला बसलेल्या त्यांच्या पत्नीला पॅरासिटामॉलच्या गोळ्यांची संख्यासुद्धा आठवत असते, पण ती मान खाली घालून गीतपुस्तक चाळते. मावशी मात्र मागल्या बाकावरून ‘आमेन’ म्हणते, आणि तिच्या आवाजात उपरोध शोधूनही सापडत नाही.

प्रार्थनेच्या बाबतीत ब्रदरजींचे स्थान वृत्तनिवेदकाचे आहे. मंडळीत ‘प्रार्थनेचे विषय’ मागण्याची पद्धत असते, म्हणजे कोणाच्या आजारपणासाठी, कोणाच्या नोकरीसाठी एकत्र प्रार्थना करावी हे आधी सांगितले जाते. सरळ सांगितली तर जी गोष्ट चहाडी ठरली असती ती डोळे मिटून सांगितली असता मध्यस्थीची प्रार्थना ठरते, हा शोध ब्रदरजींना फार लवकर लागलेला असतो. अमुक बंधूच्या मुलाने परधर्मातील मुलीशी जमवले आहे, तमुक भगिनीच्या यजमानांची सायंकाळ सुपेल्यातील कोणत्या दुकानासमोर जाते, कोणाचे कर्ज थकले आहे, ही सारी माहिती ते सर्वज्ञ परमेश्वराला तपशीलवार पुरवतात. परमेश्वराला ती आधीच असते आणि मंडळीला नसते, ही गोष्ट योगायोगाची म्हणावी लागते. प्रार्थना संपवताना ते या सर्वांवर दया करण्याची विनंती करतात. ही विनंती बहुधा आवश्यकच असते, कारण गल्लीला आता ती दया दाखवणे अवघड झालेले असते.

दानाचा विषय यापेक्षा नाजूक आहे. दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाच्या कार्यासाठी बाजूला काढण्याची बायबलमधील प्रथा होय. ब्रदरजी दशांश न चुकता देतात, पण तो मूळ वेतनाचा की महागाई भत्त्यासह, भविष्य निर्वाह निधी वजा करण्यापूर्वीचा की नंतरचा, आणि बोनस हा उत्पन्नात धरावा की अनपेक्षित कृपेत, या प्रश्नांवर त्यांनी केलेला विचार कोणत्याही लेखापरीक्षकाला मान खाली घालायला लावील असा असतो. येशूच्या काळातही पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश मोजून देणारे व न्याय, दया आणि विश्वासूपणा या जड वस्तू मात्र तागडीबाहेर ठेवणारे लोक होते, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात नमूद आहे. ब्रदरजी हा अध्याय उपासनेत मोठ्याने वाचतात आणि परतताना भाजीवालीकडून कोथिंबिरीची एक काडी वर घालून घेतात.

दशांशाखेरीज विशेष देणग्या असतात, आणि त्यांत पंख्याचे स्थान पहिले. मे महिन्यात भिलाईचा पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊ लागतो, पत्र्याच्या छताखाली भरणाऱ्या उपासनेत लहान मुले रडू लागतात, तेव्हा ब्रदरजी मंडळीला पंखा देतात. पंख्याच्या तीन पात्यांवर लाल ऑइलपेंटने एकावर आजोबांच्या स्मरणार्थ, दुसऱ्यावर वडिलांच्या स्मरणार्थ आणि तिसऱ्यावर ‘सप्रेम भेट’ या शब्दांखाली स्वतःचे संपूर्ण नाव हुद्द्यासह लिहिलेले असते. अडचण अशी की पंखा सुरू झाला की नावे दिसत नाहीत. म्हणून ब्रदरजी उपासनेला वेळेआधी येतात व पंखा बंद असेपर्यंत त्याच्या खाली मंडळींना बसवतात. प्रवचनाच्या मध्यावर वीज गेली की सर्वांच्या कपाळी घाम फुटतो, एका ब्रदरजींच्या मुखावर तेवढी प्रसन्नता पसरते, आणि पाती हळूहळू थांबताना सगळ्यांच्या माना आपोआप वर वळतात.

या साऱ्या गुणांची परीक्षा शेजारी होते. कुरुदसारख्या वस्तीत ठेका मजूर, म्हणजे कारखान्याच्या पटावर नसून कंत्राटदाराच्या हाताखाली रोजीवर राबणारा कामगार, मोठ्या संख्येने राहतो. असा एखादा मजूर कावीळ होऊन पडला तर त्या दिवसापासून रोजी थांबते. ब्रदरजी ही बातमी ऐकून दोन बंधूंसह तत्परतेने जातात. दहा बाय दहाच्या खोलीत रोगी उठून खाट रिकामी करतो, त्याची बायको शेजारून चटई मागून आणते, आणि पोराच्या वाटीतले दूध चहात जाते. मग प्रार्थना होते. तिचा आवाज तीन गल्ल्यांपर्यंत पोचतो, तीत इजिप्तमधून निघालेल्या इस्राएल लोकांचा संपूर्ण प्रवास येतो, आणि पाऊण तासानंतर रोगी भिंतीला टेकलेला असतो. शेवटी रोग्याच्या डोक्यावर हात ठेवलेले छायाचित्र काढून ते मंडळीच्या व्हॉट्सॲप समूहावर जाते, आणि निघताना ब्रदरजी उंबऱ्यावर थांबून म्हणतात, “काही लागलं तर अगदी निःसंकोच सांगा.” जे लागते ते सर्व त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर असते: रिकामी पाण्याची घागर, सरलेला गॅस, औषधाची न आणलेली चिठ्ठी. परंतु सांगितल्यावाचून देणे हे त्यांच्या शिस्तीत बसत नाही.

दुसऱ्या प्रकाराची ओळख येथेच करून देणे इष्ट होय. हा प्रकार मावशीचा. मावशी बहुधा सेक्टर ९ च्या हॉस्पिटलात किंवा एखाद्या नर्सिंग होममध्ये आया म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेली असते. ब्रदरजी पुढच्या दाराने निघून गेल्यावर ती मागच्या दाराने येते, काही न विचारता घागर उचलते, नळावर भांडून नंबर लावते, आणि परत आल्यावर भाताची पेज असलेला डबा उघडते. पेजेत मीठ किती घालायचे, लिंबाचे लोणचे कडेला ठेवायचे की नाही, हे तिला पथ्याप्रमाणे ठाऊक असते. त्या डब्याच्या झाकणावर तिसऱ्याच कोणाचे नाव कोरलेले असते. मराठी घरांत शेजारचा डबा रिकामा परत करू नये अशी रीत आहे. मावशीने ही रीत इतक्या घरांशी आणि इतकी वर्षे पाळलेली असते की तिच्या फळीवर स्वतःच्या नावाची भांडी थोडी आणि गल्लीच्या नावांची अधिक असतात. निघताना ती रोग्याच्या पोराला शाळेसाठी बरोबर घेते आणि चिठ्ठी पदराला बांधते. प्रार्थना करते की नाही, हे सांगणे कठीण आहे. नळावर पाणी भरताना तिचे ओठ हलतात, पण त्या वेळी ती पुढच्या बाईला शिव्या देत असण्याचीही शक्यता असते.

मावशीला संत म्हणण्याची घाई करू नये. उपासनेला ती उशिरा येते, गीत सुराबाहेर गाते, प्रवचनाला हमखास डुलकी काढते, आणि पवित्र शास्त्रातील किती पुस्तके तिला क्रमाने सांगता येतील याविषयी पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, बरीच वर्षे चौकशी केलेली नाही. जीभ तिखट असते. औषध वेळेवर न घेणाऱ्या रोग्याला ती जे बोलते ते कोणत्याही भक्तिपर मासिकात छापता येणार नाही. ख्रिस्ती प्रीतीचे जे सुप्रसिद्ध वर्णन प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात केले आहे, त्यात सहनशीलतेचा उल्लेख आरंभीच येतो. त्या कसोटीवर मावशी काठावर उतरेल. पण त्याच अध्यायात, प्रीती नसेल तर देवदूतांच्या भाषासुद्धा वाजणाऱ्या धातूच्या मोलाच्या ठरतात, असाही निर्वाळा आहे; आणि धातूच्या आवाजाविषयी भिलाईकरांना कोणी नवे शिकवावे असे नाही.

धातूचा विषय निघालाच आहे तर भिलाईच्या कारखान्यातील एक तपासणी येथे सांगणे उचित ठरेल. येथे भारतीय रेल्वेसाठी रूळ बनतात आणि जोडलेल्या स्वरूपात त्यांची लांबी २६० मीटरपर्यंत असते. रूळ बाहेरून सरळ व गुळगुळीत आहे एवढ्यावर त्याला पास करीत नाहीत. मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या, म्हणजे श्राव्यातीत, ध्वनिलहरी त्याच्या पोटात सोडून आत कोठे पोकळी किंवा चीर आहे का ते पाहतात, कारण वरून चकाकणारा पण आतून चिरलेला रूळ गाडी वर येईपर्यंत उत्तम दिसतो. येशूची शिकवण मुळात अशीच तपासणी आहे. परूशी, म्हणजे धर्मशास्त्राचे काटेकोर पालन करणारा यहुदी पंथ, आपली मंत्रपत्रे, म्हणजे शास्त्रवचने घालून कपाळी व दंडावर बांधायच्या पेटिका, रुंद करीत आणि वस्त्रांचे गोंडे लांबवीत, याची त्याने केलेली थट्टा मत्तयाने नोंदवली आहे. मंदिरात स्वतःच्या उपवासांची यादी वाचणारा परूशी आणि दूर उभा राहून छाती बडवणारा जकातदार, म्हणजे रोमन सत्तेसाठी कर गोळा करणारा बदनाम माणूस, यांची लूकने सांगितलेली कथा तर हास्यचित्रच आहे. त्याच शुभवर्तमानात वाटेवर अर्धमेला पडलेल्या प्रवाशाला पाहून याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरातील दोन मान्यवर सेवक, पलीकडून निघून जातात, आणि यहुद्यांनी तुच्छ मानलेल्या शोमरोन प्रांतातला एक परका त्याच्या जखमा बांधतो. या कथेत शोमरोनी किती वेळ प्रार्थना करतो हे लूकने लिहिलेले नाही. तो खानावळवाल्याला किती पैसे देतो हे मात्र लिहिले आहे.

बाह्य शुद्धीचे वेड कोणा एका धर्माची मक्तेदारी नव्हे, याचा मराठीतील सर्वांत खुमासदार पुरावा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या, म्हणजे विधिपूर्वक राखायच्या शुद्धतेच्या, इतके आहारी गेले होते की धान्यच काय, मीठ आणि गूळसुद्धा त्यांच्या घरी धुऊन घेतला जाई. धुतल्यावर मिठाचे काय उरत असेल हे वाचकाने ताडावे. अशा घरातून आलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे, पतीच्या धर्मांतरानंतर, जातपात ही देवाची नव्हे तर माणसाची निर्मिती आहे असा निष्कर्ष स्वतःच्या विचाराने काढला आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे जलविधीने ख्रिस्ती मंडळीत होणारा प्रवेश, त्यानंतरचा. माणसाच्या हातचे पाणी आधी आणि मंडळीचे पाणी नंतर, हा त्यांचा क्रम ब्रदरजींना अडचणीचा वाटण्याचा संभव आहे.

त्यांचे पती नारायण वामन टिळक यांच्या धर्मांतराची सुरुवात तर कुरुदहून फार दूर झाली नाही. १८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी आगगाडीने निघाले होते. राजनांदगाव भिलाईच्या पश्चिमेस चाळीसेक किलोमीटरवर, भिलाईप्रमाणेच हावडा-मुंबई लोहमार्गावर आहे. डब्यात एक गोरा सहप्रवासी होता. त्या काळी गोऱ्या माणसाच्या डब्यात शिरणाऱ्या हिंदी माणसाला काय अनुभव येत हे सर्वश्रुत असताना, याने टिळकांना सौजन्याने वागवले, त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने गप्पा केल्या आणि उतरण्यापूर्वी नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची, एक प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती साहित्याला आणि भजनपरंपरेला ज्या भेटीने वळण लागले, त्या भेटीतल्या माणसाचे नाव विचारायचे टिळकांच्या मनातही आले नाही, असे सांगितले जाते. त्या जागी ब्रदरजी असते तर नव्या करारासोबत त्यांचे व्हिजिटिंग कार्ड गेले असते, आणि टिळकांच्या प्रत्येक कवितासंग्रहाचे प्रकाशन त्यांच्याच हस्ते झाले असते.

टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. पाटीपेक्षा प्रीती पुढे ठेवण्याचा तो प्रयत्न होता. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात, म्हणजे आजचे छत्तीसगड ज्याचा भाग होते त्या प्रांतात, स्वतः हिंडल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुलींना घेऊन परतल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांतून वाढले. छत्तीसगडातही १८६८ मध्ये ऑस्कर लोहर यांनी बिश्रामपूर वसवले, आणि १८९९ मध्ये धमतरीला आलेल्या मेनोनाइट पंथाच्या मिशनऱ्यांना उपदेशाचा अभ्यासक्रम बाजूला ठेवून प्रथम दुष्काळग्रस्तांच्या अन्नाकडे पाहावे लागले. चांपा येथे कुष्ठरोग्यांसाठी निवारा उभा राहिला. या कामांतही अधिकाराचा तोरा, अहवालांची हौस आणि आकड्यांचा मोह नव्हता असे कोणी म्हणणार नाही. पण भुकेल्या माणसाच्या स्मरणात अहवाल राहत नाहीत, हातात पडलेले ताट राहते.

छत्तीसगडच्या मातीत याला पोषक अशी एक प्रथा पूर्वीपासून आहे. मितान बदणे, म्हणजे देवाच्या साक्षीने एखाद्याशी आयुष्यभराची मैत्री बांधणे; ही मैत्री जात ओलांडून होते, ती महाप्रसाद, गंगाजल, भोजली अशा वस्तूंच्या देवघेवीने पक्की केली जाते, आणि नंतर मितानच्या घरचे सुखदुःख हे सख्ख्या नात्याचे मानले जाते. कुरुद मूळचे गाव असल्याने तेथील जुन्या घरांना ही रीत परकी नाही. मावशीने कधीकाळी शेजारच्या छत्तीसगढी बाईशी भोजली बदलेली असते, तिच्या मुलीच्या लग्नात चूल सांभाळलेली असते, आणि हे मंडळीच्या नियमात बसते काय असा प्रश्न ब्रदरजींनी काढला की तिला त्यातला प्रश्नच कळत नाही.

येथवर वाचून ज्या वाचकाला ब्रदरजींविषयी मौज आणि स्वतःविषयी समाधान वाटू लागले असेल, त्याची नोंद तिसऱ्या प्रकारात करावी लागेल. हा प्रकार समीक्षकाचा. तो मंडळीत मागे उभा राहतो, पंख्याकडे पाहून हसतो, आणि आपण ब्रदरजींसारखे ढोंगी नाही याबद्दल मनोमन देवाचे आभार मानतो. लूकच्या कथेतल्या परूशाची प्रार्थना नेमकी याच साच्याची होती. फक्त त्याला मागे जकातदार दिसला आणि याला पुढे ब्रदरजी दिसतात. शिवाय समीक्षकाने पंखासुद्धा दिलेला नसतो. ब्रदरजींच्या बाजूने एवढे तरी म्हणता येते की त्यांच्या नावाखाली बसलेल्यांना मे महिन्यात वारा लागतो. समीक्षकाच्या स्मिताने कोणाचाही घाम वाळल्याची नोंद नाही.

आणि ब्रदरजींनाही खरी प्रीती ओळखता येत नाही असे समजणे चुकीचे ठरेल. कुरुदमध्ये रात्री दोन वाजता कोणाचे दार ठोठवायचे याविषयी पंथभेद नाही. पत्नीच्या छातीत कळ येऊ लागली की ब्रदरजी व्हॉट्सॲप समूह उघडत नाहीत, उपवासप्रार्थनेची घोषणा करीत नाहीत आणि रंगीत वचने शोधत नाहीत. ते बनियनवर, चप्पल उलटसुलट घालून, थेट मावशीच्या दाराशी जातात. दार पहिल्या थापेलाच उघडते. मावशी दोन प्रश्न विचारते, एक शिवी देते, ऑटोवाल्या पोराला उठवते, आणि हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात कोणत्या खिडकीशी आधी जायचे हे तिला पाठ असल्याने ब्रदरजींचे दोन फेरे वाचतात. पहाटेपर्यंत ती बाकावर बसून राहते आणि ब्रदरजी तिच्या शेजारी बसतात; त्या रात्री त्यांची प्रार्थना चार शब्दांच्या पुढे जात नाही आणि ऐकायला कोणी नसते. त्यांच्या समग्र आध्यात्मिक कारकिर्दीतील ही बहुधा सर्वांत उत्तम प्रार्थना असते, परंतु तिचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.

अशा रात्रीनंतरच्या रविवारी काही ब्रदरजींच्या साक्षीत एक सूक्ष्म बदल आढळतो. कित्येक वर्षांत प्रथमच तीत देवाखेरीज आणखी कोणाचा उल्लेख येतो: ‘शेजारच्या एक सिस्टर’ एवढाच, नावाशिवाय. अभ्यासकाने ही प्रगती कमी लेखू नये. ती ऐकायला मावशी जागी नसते, कारण आठवडाभराचे जागरण ती नेहमीप्रमाणे मागल्या बाकावर भरून काढीत असते. पत्नीचे दुखणे मात्र तोपर्यंत तीन डॉक्टरांनी सोडून दिलेले असते.